चार नंबरची बाटली

—नाही कर्नलसाहेब, सही मी करणार नाही. पेन खिशात ठेवा तुमचं. आणि दार लावताय? लावा, बिल्कुल लावा— खरं तर उघडं राहिलं तरी काय फरक पडतो, आपण मराठीत बोलायला लागलो की या सबंध शाळेत कुणाला ओ की ठो कळत नाही. म्हणूनच तुम्हाला पाठवलंय ना? कमिटीत नऊ जण आहेत, त्यात दोन वकील आहेत, एक तर स्वतः डॉक्टर आहे— पण लॅबमध्ये पाठवलं कुणाला, तर शिर्के कर्नलना. का? तर पोतनीस मॅडम दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, आपल्या माणसाचं ऐकतील. ऐकते ना. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या इकडे बसा.

कागद वाचला मी. दोनदा वाचला. इंग्रजी छान आहे, नव्या कॉम्प्युटरवर काढलेला दिसतोय. बारावीच्या प्री-बोर्ड प्रॅक्टिकलला लॅब अटेंडंट हरीश याच्या हलगर्जीपणामुळे चार नंबरच्या बाटलीत चुकीचं रसायन भरलं गेलं, त्यामुळे सहा विद्यार्थ्यांचं नुकसान झालं, सबब त्यांचे शून्य मार्क रद्द करावेत आणि हरीशला कामावरून कमी करावं— आणि खाली माझी सही, केमिस्ट्रीची हेड म्हणून. सोबत पालकांचा अर्ज, पाच सह्यांचा. आता मला सांगा, बाटली चुकली हे त्यांना कसं कळलं? कुणी उघडून बघितली? कुणी नाही. सहा मुलांनी एकच उत्तर लिहिलं, सहाची सहा चुकतील कशी, म्हणजे बाटली चुकली. झालं. हल्ली असंच ठरतं इथे. पाच मारुत्या गेटसमोर एका रांगेत लागल्या की जे बोललं जाईल ते खरं. ब्याण्णवला आम्ही दिल्लीचं सरकारी क्वार्टर सोडून या सेक्टरात राहायला आलो— नोकरी इथली आधीचीच, दिल्लीहून बसनं यायचे मी— तेव्हा इथे समोर मोहरीची शेतं होती, शाळेत साडेतीनशे मुलं होती, आणि कुणाला शून्य मिळालं तर त्याचा बाप त्याला ओरडायचा. आता बाप मला ओरडतो. तीनच वर्षांत बरं का. हरीशचं काय, हरीश चौदा वर्षांचा जुना आहे, त्याला काढायचंच आहे. एजन्सीची माणसं आणायची आहेत ना तुम्हाला, निळ्या युनिफॉर्मवाली? आणा की. पण त्यासाठी माझी बाटली कशाला खोटी पाडता.

थांबा, तोंडानं नाही सांगत. करूनच दाखवते. तुम्ही तोफखान्यातले, डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये. ही बघा बाटली. सोमवारी परीक्षा संपली तशी मी हिला कपाटात कुलूप लावून ठेवलंय, आज गुरुवार, मध्ये कुणाचा हात लागलेला नाही. परीक्षा काय असते? प्रत्येक टेबलाला एकेक बाटली, वर फक्त नंबर. आत पाण्यासारखं काहीतरी. सगळी दिसायला सारखीच— आम्लाच्या घराण्यातलं असेल, अल्कोहोलच्या, अल्डिहाइडच्या, नाहीतर कीटोनच्या. कुठल्या घराण्यातलं ते शोधायचं आणि कसं शोधलं ते लिहायचं. बस, एवढंच. पंधरा मार्क. हा खायचा सोडा— आम्ही त्याला बायकार्बोनेट म्हणतो, आहे तेच जे ढोकळ्यात घालतात. आम्ल असेल तर फसफसतं. घातला. फसफसलं? नाही. आम्ल नाही. आता हे डीएनपी, याचं पूर्ण नाव सांगत नाही, चहा थंड होईल तुमचा. दोन थेंब. बघा, बघा— नारिंगी साका बसला. साका म्हणजे प्रेसिपिटेट. आमच्या संपदाला मी घरी साका म्हटलं की ती म्हणते, आई, मराठी में मत पढ़ाओ. असो. नारिंगी आला म्हणजे दोनच घराणी उरली, अल्डिहाइड नाहीतर कीटोन. सख्खी चुलत भावंडं आहेत ती, इथवर दोघांचं सगळं सारखं. इथून पुढे फरक.

आधी वास घ्या. असं नाक टेकवायचं नाही, हातानं वारा घ्यायचा. हां. कसला आला? ओळखीचा आहे? तुमच्या मिसेसना विचारा, एका सेकंदात सांगतील. नेलपॉलिश काढायचं ते पाणी असतं ना, त्याचा. ते हेच असतं, अॅसिटोन. कीटोनच्या घराण्यातलं सगळ्यात साधं. आता तर सेक्टरच्या मार्केटात याच्या गुलाबी बाटल्यांनी कपाटं भरलेली आहेत, आमच्या वेळी नखाला मेंदी सोडून काही लागत नव्हतं. संपदा शनिवारी लावते नेलपॉलिश, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या धाकानं पुसत बसते— सगळ्या घरात तो वास, पोह्यांनासुद्धा वास. तर नाकाला कळतं. पण नाकावर मी मार्क देत नाही. नाक सर्दीनं बंद असू शकतं, जानेवारी आहे. त्यासाठी आरसा.

आरशाची टेस्ट म्हणजे या लॅबची राणी आहे कर्नलसाहेब. हे सिल्व्हर नायट्रेट. यात कॉस्टिक सोड्याचा एक थेंब— झालं ना तपकिरी? आता अमोनिया, थेंब थेंब, तपकिरी विरघळेपर्यंत आणि एकही थेंब जास्त नाही. डोळे चुरचुरतील, जरा मागे सरका. हे औषध ऐन वेळी करायचं असतं, आदल्या दिवशी करून ठेवलं असं चालत नाही. आणि ट्यूब लागते निर्मळ. बोटाचा डाग जरी असला आत तरी आरसा धरत नाही, काळा गाळ होतो. या ट्यूबा बघा उजेडात धरून. हरीशनं धुतलेल्या. नायट्रिक अॅसिडनं, मग पाण्यानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं, चौदा वर्षं रोज. त्याच्या बोटांची टोकं पिवळी पडली आहेत, ती आता जाणार नाहीत. त्याला केमिस्ट्री येत नाही, आठवी शिकलाय, पण ट्यूब कशी हवी ते माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. याला तुम्ही हलगर्जी म्हणताय. बरं. या एका ट्यूबमध्ये चार नंबर टाकते. आणि या दुसऱ्या ट्यूबमध्ये मुद्दाम अल्डिहाइड टाकते, फॉर्मॅलिन, बायोलॉजीवाल्यांकडून मागून आणलंय, बेडूक ठेवतात ना ते ज्यात. दोन्ही या गरम पाण्यात उभ्या करायच्या. गॅस पेटवत नाही, अॅसिटोन जवळ असताना पेटवूच नये, थर्मासमधलं पाणी पुरतं. अल्डिहाइड असेल तर काचेला आतून चांदी चढते. कीटोन असेल तर काही होत नाही, तासभर ठेवा, तरी काही होत नाही. हां, आता थांबायचं. थांबणं हीच परीक्षा आहे. मुलांना तेवढंच जमत नाही.

तोवर उत्तरपत्रिका वाचून दाखवते. ही पहिली— वास: कडू बदामासारखा. आरसा: चकचकीत, चांदीसारखा. निष्कर्ष: अल्डिहाइड. ही दुसरी— कडू बदामासारखा, चकचकीत, अल्डिहाइड. ही तिसरी, हा तर खन्नांचा मुलगा, तुमच्या खजिनदारांचा— यानं पुढे लिहिलंय की आरशात मला माझा चेहरा दिसला. बघा, कवी आहे. कर्नलसाहेब, तुम्ही आत्ता वास घेतलात. बदाम आला? एकाला सर्दी असेल, दोघांना असेल, सहाच्या सहांना एकच सर्दी, आणि तीही बदामाची? या मुलांनी बाटली उघडलेली नाही. उघडली असेल तर हुंगलेली नाही, हुंगली असेल तर तिचं ऐकलेलं नाही. उत्तर आधी ठाऊक होतं, मग पुस्तकातलं निरीक्षण उतरवलं. आणि चार नंबर सहा जणांना नव्हती, सात जणांना होती. सातवी ममता. तिचा नाही तुमच्या कागदात उल्लेख. नोव्हेंबरात आलेली पोर आहे, वडील सुभेदार आहेत, बदलीवर आले. तिनं काय लिहिलंय ऐका— वास ओळखता आला नाही पण तिखट, थंड. नारिंगी साका— तिनं अर्थात प्रेसिपिटेट लिहिलंय— आरसा नाही, पाच मिनिटं थांबले, पुन्हा केलं, पुन्हा नाही, म्हणून कीटोन. पुन्हा केलं म्हणते. तिच्याच बाटलीतून. मग तिची बाटली बरोबर आणि त्याच टेबलावरची, तीच बाटली, सहांना चुकीची कशी? तिला अजून वर्गात मैत्रीण नाही, म्हणून तिच्यापर्यंत यादी पोचली नाही, एवढाच फरक.

हो, यादी. मी यादीच म्हटलं. फुटली होती. कुठल्या नंबरात काय, ते आदल्या दिवशीच मुलांच्या हातात होतं, झेरॉक्स करून. आता तुम्ही म्हणणार— म्हणूच नका, तोंडावर दिसतंय— की मग यादी हरीशनंच दिली, एका हलगर्जीऐवजी चोरी, आणि काढायला कारण आणखी चांगलं. नाही. तेच तर सांगतेय. हरीशनं दिली असती ना, तर ही सहाही मुलं पास झाली असती. कसं? सांगते. चार नंबरला मी मुळात बेन्झाल्डिहाइड ठेवणार होते. त्याचा वास कडू बदामाचा, त्याचा आरसा होतो, सगळं यांनी लिहिलंय तस्सं. पण सोमवारी सकाळी साडेसातला मी ती स्टॉकची बाटली उघडली तर बुचाभोवती पांढरी साय, आणि तळाला खडे. जुनं झालं की हवा लागून लागून ते आम्ल होऊन बसतं. सोडा टाकून बघितला तर फसफसलं. म्हणजे एखाद्या प्रामाणिक पोरानं बरोबर टेस्ट केली असती तरी त्याचं उत्तर चुकलं असतं. मी म्हटलं, हरीश, फेको. त्यानं ओतलं, बाटली धुतली, वाळवली, आणि स्वतःच्या हातानं अॅसिटोन भरलं. हे रजिस्टर बघा. सोमवार, सात चाळीस, चार नंबर बदलला— माझी सही, खाली त्याची, हिंदीत. आठला परीक्षा. चार नंबरात अॅसिटोन आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि हरीशला. विकायची असती त्याला तर मुलांना नवं उत्तर मिळालं असतं. मुलांकडे जुनं होतं. म्हणजे यादी फुटली ती सोमवार उजाडायच्या आधी, आणि त्या वेळी हरीशला काहीच माहीत नव्हतं, मी त्याला कधीच आधी सांगत नाही, बाटल्या सकाळीच भरतो आम्ही. आलं लक्षात? हरीश निर्दोष आहे. एकदम साफ. तो कोर्टात गेला ना, तर मी जाईन साक्षीला. जुनी यादी होतीच एक, एकच प्रत, माझ्या हातची, आणि ती रविवारी दिवसभर माझ्या—

चहा घ्या ना.

नाही, तुम्ही काही विचारलं नाहीत. विचारा ना, विचारायला आलात. ती यादी कुठे होती. माझ्या पर्समध्ये होती. चष्म्याच्या घरात घडी करून. चलो, बोललेच आहे तर बोलते. घरी होती. घरात कोण असतं? आमचे हे, त्यांना केमिस्ट्रीचं वावडं, मंत्रालयात तीस वर्षं फायलींवर काढलीत. सासूबाई, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. आणि मी. आणि— मोजताय तुम्ही. मोजा. सोमवारी सकाळी घडी उलटी होती. मी घडी अक्षर आत घालून करते, ती अक्षर बाहेर होती. बघितलं मी, आणि मनात म्हटलं, आपणच केली असेल. त्या घाईत मी स्वतःला हे सांगितलं, आणि माझं मी ऐकलं. मग मंगळवारी पेपर तपासायला घेतले, आणि रोल नंबर सतरा आला. कडू बदामासारखा वास. ते अक्षर मी बालवाडीपासून गिरवून घेतलंय कर्नलसाहेब. परीक्षेच्या दोन तास आधी माझ्यासमोर टेबलाशी बसून दहाही नखं अॅसिटोननं पुसून शाळेत आली होती ती. घरभर तो वास. आणि तोच वास तिच्यासमोर बाटलीत ठेवलेला, बूच काढलं असतं तरी कळलं असतं— नव्हतंच कीटोन फारसं अवघड, तिच्यासाठी तर नव्हतंच— आणि तिनं लिहिलं बदाम. चोरीपेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटली. आईच्या पर्समधला कागद खरा, आणि स्वतःच्या नाकाला येतंय ते खोटं. कुणी शिकवलं हे? मीच शिकवलं असणार. निरीक्षणं पाठ करून घेतली मी या मुलांकडून, बोर्डात पूर्ण मार्क पडावेत म्हणून, वर्षानुवर्षं. जर्नल सुंदर, ट्यूब कोरडी. ममताला ते शिकवायला मला वेळच मिळाला नाही.

आणि तुम्हाला हे ठाऊक होतं. नाही म्हणू नका. सहा मुलं, आणि अर्जावर पाच सह्या. तुम्ही आयुष्यभर माणसं मोजलीत, परेडला एक कमी असेल तर लांबून कळतं तुम्हाला, आणि सहावी सही कुठे आहे हे तुम्ही मला इतक्या वेळात एकदाही विचारलं नाहीत. सांगते कुठे आहे. खन्ना आले होते मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे, अर्ज घेऊन. आमच्या ह्यांनी पेन उघडलं होतं. संपदा आत रडत होती, म्हणत होती, आई, तू फक्त म्हण ना बाटली चुकली होती, तुझं कोण ऐकणार नाही? मी ह्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे तुम्ही आज मला वाचवायला आलात. आपली मराठी बाई, तिची पोर, दोन महिन्यांवर बोर्ड, झाकून टाकू, एक हरीश गेला तर गेला. चांगुलपणाच आहे तुमचा, मला कळतो. आणि खोटं कशाला बोलू, परवा रात्री मीही दोन वाजेपर्यंत तोच हिशेब करत होते— हरीशची पोरं लहान, माझी एकुलती एक. पण मला नको आहे तो चांगुलपणा. मी या लॅबमध्ये चौदा वर्षं पोरांना एकच गोष्ट सांगत आले, दिसेल ते लिहा. मला जे दिसलं ते मी लिहिणार.

लिहिलंच आहे. हा माझा कागद, हातानं लिहिलेला, कॉम्प्युटर नाही आमच्याकडे. बाटली बरोबर होती. यादी माझ्या घरातून, माझ्या निष्काळजीपणामुळे फुटली. सहाही शून्यं कायम राहतील, सतरा नंबरसुद्धा. ममताला पंधरापैकी पंधरा. यातल्या तीन ओळी अजून कागदावर नाहीत, खरं सांगते. घरातून फुटली एवढं सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. वाटलं होतं, हरीशला तेवढ्यानं सोडवता येईल. तुमच्यासमोर बोलता बोलता कळलं की नाही येत. द्या तुमचं पेन. हे बघा, घातल्या. आता माझ्या नोकरीचं काय करायचं ते कमिटीनं बघावं. जाईल तर जाईल. हात आहेत मला, शिकवण्या घेईन, याच सेक्टरात घेईन, खन्नांच्या मुलालाही घेईन, त्याला गरज आहे.

बघा, इकडे बघा. चढली चांदी. फॉर्मॅलिनची ट्यूब, कशी लखलखीत झाली, आणि ही चार नंबर, तशीच्या तशी पाणी. किती वेळ झाला? अर्धा तास. अजून एक तास बसलात तरी तसंच राहणार. तुम्ही बघितलंत, आता बघितलं नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. सॉरी कर्नलसाहेब, त्यासाठीच बसवून ठेवलं.

आता उठा. हे सगळं मला ताबडतोब ओतून धुवायचंय, चांदीचं हे पाणी साठवून ठेवलं की आपोआप फुटतं, हात जातात लोकांचे. हो, मी धुते, आज मी. संपदा गेटपाशी थांबली असेल, तिला तुम्ही काही बोलू नका, तिच्याशी मी बोलेन. कागद घेतलात ना? आणि बाहेर हरीश बसलाय, सकाळपासून काही खाल्लं नाही त्यानं. त्याला सांगा बाटली बरोबर होती. मराठीत नाही, हिंदीत सांगा, प्रिन्सिपलच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं. दार लावू नका जाताना. उघडंच राहू दे.